डच मुलखातले उभ्याउभ्याचे खाणे

नेदरलँड्समधल्या बहुतेक घरांत दिवसातून एकदाच गरम जेवण होते आणि तेही संध्याकाळी सहाच्या सुमारास. सकाळी पाव, दुपारीही पावच. त्यावर चीज, शेंगदाण्याचे लोणी किंवा चॉकलेटचे बारीक दाणे आणि सोबत दूध नाहीतर ताक. ही सवय ध्यानात घेतली की तिथल्या रस्त्यावरच्या खाण्याचा उलगडा होतो. भर दुपारी भात-भाजीसारखे भरलेले गरम ताट शोधत फिरणाऱ्या प्रवाशाला ते सहजी सापडत नाही. रात्री साडेनऊ-दहानंतर उपाहारगृहात शिरणाऱ्याला बऱ्याचदा स्वयंपाकघर बंद झाल्याचे ऐकावे लागते. या दोन वेळांच्या आगेमागे लागणारी भूक भागवायला स्नॅकबार, मासळीच्या गाड्या, बाजारातले तवे आणि सुरिनामी रोटीची दुकाने आहेत. बैठकीच्या जेवणासाठी डच लोकांची जगात ख्याती नाही आणि त्याचे त्यांनाही फारसे वाईट वाटत नाही. उभ्याउभ्या खायच्या पदार्थांत मात्र या छोट्या देशाची स्वतःची अशी चव आहे. आठवडाभराच्या मुक्कामात खर्च आटोक्यात ठेवून स्थानिक चव घ्यायची असेल, तर महागड्या जेवणापेक्षा इकडेच वळलेले बरे.

तळणीचे दुकान

स्नॅकबार हे डच तळणीचे हक्काचे ठिकाण. काही भागांत त्यालाच काफेटारिया म्हणतात. लहानशा गावातही एखादा असतोच. काचेच्या थंड कपाटात पावाच्या चुऱ्यात घोळवलेले लांबट, गोल, चपटे पदार्थ ओळीने मांडलेले असतात. गिऱ्हाइकाने बोट दाखवायचे, दुकानदार तो नग उकळत्या तेलात सोडतो आणि चार-पाच मिनिटांत कागदी पुडक्यात हातात देतो. बाहेरून सगळे सारखेच तांबूस दिसतात. आत काय आहे हे माहीत असल्याशिवाय मागवू नये.

यांतला मानाचा पदार्थ क्रोकेट. मांसाच्या रश्शात लोणी आणि मैदा घालून घट्ट शिजवलेले सारण गार करून त्याचे चार बोटे लांबीचे लोड वळतात, चुऱ्यात घोळवतात आणि तळतात. कवच कुरकुरीत आणि आतले सारण मऊ, जवळजवळ ओघळणारे असले की क्रोकेट जमला. तो नुसता खातात किंवा मऊ पांढऱ्या पावात चेपून, वर झणझणीत मोहरीचा लेप लावून. पावातल्या पदार्थाला तिथे ब्रोच्य म्हणतात. ब्रोच्य क्रोकेट हे कामगारापासून मंत्र्यापर्यंत सर्वांना चालणारे दुपारचे खाणे आहे. त्याची लोकप्रियता पाहून मॅकडोनल्ड्सनेही १९९९ मध्ये नेदरलँड्ससाठी मॅक-क्रोकेट काढला. क्रोकेटमधले मांस बहुधा गाईचे किंवा वासराचे असते. गोमांस वर्ज्य असणाऱ्याने याची आधीच खूणगाठ बांधावी, कारण पाटीवर नुसते क्रोकेट लिहिले असेल तर ते गोमांसाचेच समजायचे. कोंबडीचा, कोळंबीचा आणि भाज्यांचा क्रोकेटही मिळतो, पण तो नाव घेऊन मागावा लागतो.

हेच सारण लहान गोळ्याच्या रूपात तळले की त्याचे बिटरबालन होतात. त्यांची जागा मात्र स्नॅकबारपेक्षा कॅफेत, आणि वेळ संध्याकाळी चार ते सातची. कचेरी सुटल्यावर मित्रमंडळी पेला घेऊन बसतात, त्या बैठकीला बॉरल म्हणतात. तिथे सहा किंवा आठ गोळ्यांची बशी मोहरीसह मधोमध येते. लाकडाच्या जुन्या भिंती आणि धुराने काळवंडलेली छते असलेले तपकिरी कॅफे याच्यासाठी उत्तम. एकच खबरदारी: गोळा तळणीतून आल्याआल्या अख्खा तोंडात टाकू नये. कवच लवकर निवते, आतले सारण निवत नाही. जीभ आणि टाळू दोन्ही पोळतात. आधी अर्धा तोडून वाफ जाऊ द्यावी.

फ्रिकांडेल हा लांब, गडद रंगाचा, कातडी नसलेला सॉसेज. कोंबडी आणि डुकराचे मांस एकत्र दळून तो बनवतात. काही उत्पादनांत गाईचे, क्वचित घोड्याचेही मांस असते. मधून चिरून त्यात मेयोनेझ, गोडसर करी-केचप आणि बारीक चिरलेला कांदा भरला की तो ‘स्पेशाल’ होतो. डच मुलांचा हा जीव की प्राण, पण मांसाची चव शोधणाऱ्याच्या हाती त्यात फारसे काही लागत नाही. बामीस्खाइफ म्हणजे मसालेदार नूडल्सची चकती, चुऱ्यात घोळवून तळलेली. इंडोनेशियाच्या वसाहतकाळातून आलेला हा पदार्थ आज तिकडच्या माणसालाही ओळखू येणार नाही. त्यातही बहुधा मांसाचे तुकडे असतात. मांस नसलेला, आणि जवळपास प्रत्येक स्नॅकबारमध्ये हमखास मिळणारा पदार्थ म्हणजे कास-सुफ्ले: पातळ आवरणात भरलेले चीज, तळल्यावर आत पूर्ण वितळलेले. बिटरबालनची खबरदारी इथे दुप्पट पाळावी.

मोठ्या शहरांत आणि रेल्वे स्थानकांवर हाच माल भिंतीतून विकत घेता येतो. लहान लहान काचेच्या खणांची भिंत असते, प्रत्येक खणात एकेक गरम क्रोकेट किंवा फ्रिकांडेल ठेवलेला. नाणी टाकली किंवा कार्ड लावले की खणाचे दार सुटते, पदार्थ काढून घ्यायचा. भिंतीमागे माणसे सतत तळून रिकामे खण भरत असतात. या पद्धतीला ऑटोमाटीक म्हणतात आणि तिचे सर्वांत प्रसिद्ध नाव फेबो. १९४१ मध्ये आम्स्टरडॅममध्ये बेकरी म्हणून सुरू झालेले हे दुकान पुढे या भिंतींसाठी देशभर माहीत झाले. गर्दीच्या वेळी खणातला माल चटकन बदलतो म्हणून ताजा असतो. दुपारी चारच्या सुमारास, शुकशुकाटात, तोच पदार्थ बराच वेळ उबेत बसून मऊ पडलेला असू शकतो. त्यामुळे भिंतीकडे जायचे तर गर्दीतच जावे. अशा ठिकाणी एक क्रोकेट साधारण तीन युरोंच्या आसपास पडतो.

बटाटा आणि त्यावरचे सॉस

तळलेल्या बटाट्याच्या काड्यांना उत्तरेत आणि पश्चिमेत पटाट म्हणतात, दक्षिणेत ब्राबांट आणि लिम्बुर्गकडे फ्रीट. दोन्ही शब्द दोन्हीकडे समजतात, त्यामुळे अडत काही नाही. खरा प्रश्न येतो सॉसचा. नुसते ‘पटाट मेत’ म्हटले की वर मेयोनेझ येते. खूपदा ते मेयोनेझही नसते, तर फ्रीटसाउस नावाचा तेल कमी असलेला, गोडसर भाऊबंद असतो. पहिल्या घासाला ही गोडी खटकते. ज्याला ती नको त्याने ‘मेयोनेझ’ असे स्पष्ट सांगावे. मेयोनेझमध्ये अंड्याचा बलक असतो हे अंडे न खाणाऱ्यांनी विसरू नये. ‘करी’ नावाच्या सॉसने भारतीय माणसाने हुरळून जाऊ नये. तो मसाल्याचा किंचित वास असलेला गोड केचप आहे, त्यापलीकडे काही नाही.

पिंडासाउस हा मात्र खाऊन पाहावा. शेंगदाण्याचा हा दाट, कोमट, गोडसर सॉस साते या काडीवर भाजलेल्या इंडोनेशियन मांसाबरोबर आला आणि डच बटाट्यावर कायमचा बसला. मेयोनेझ, पिंडासाउस आणि कच्चा कांदा असे तिन्ही एकत्र घातले की त्याला पटाट ओरलोख म्हणतात; ओरलोख म्हणजे युद्ध. दिसायला ते रणांगणासारखेच असते, चवीला फार चांगले. दाण्याच्या कुटाची सवय असलेल्या मराठी जिभेला डच स्नॅकबारमधली ही सर्वांत ओळखीची चव वाटण्याची शक्यता आहे.

२००३ मध्ये रॉटरडॅममध्ये या बटाट्याला आणखी एक वळण मिळाले. केशकर्तनालय चालवणाऱ्या एका गिऱ्हाइकाने शेजारच्या शावर्माच्या दुकानातून आपल्या आवडीच्या सगळ्या गोष्टी एकाच भांड्यात मागवायला सुरुवात केली. खाली फ्रीट, वर शावर्माचे मांस, त्यावर चीज घालून भट्टीत वितळवलेले, सगळ्यात वर सॅलड, लसणाचा सॉस आणि तिखट सांबाल. दुकानात त्या मागणीला त्याच्या केशकर्तनालयावरून कापसालोन म्हणू लागले, आणि तेच नाव घेऊन हा पदार्थ देशभर पसरला. आज गल्लोगल्लीच्या तुर्की दुकानांत तो ॲल्युमिनियमच्या ट्रेमध्ये मिळतो. अर्धा ट्रेसुद्धा एका माणसाच्या पोटाला पुरतो. लहान आकार मागावा किंवा दोघांत एक घ्यावा. बहुतेक तुर्की आणि अरब दुकानांत मांस हलाल असते, आणि मांसाऐवजी फलाफेल घालून द्या म्हटले तर ते सहसा नाही म्हणत नाहीत.

जाड कापलेल्या, दोनदा तळलेल्या फ्लेमिश धाटणीच्या बटाट्याची दुकाने वेगळी. आम्स्टरडॅममधल्या फूटबोखस्ट्राट गल्लीतल्या व्हलेमिंक्स या दुकानासमोर कायम रांग असते. ती रांग सकारण आहे. फक्त एवढेच की फ्लेमिश पद्धतीत, आणि सीमेपलीकडे बेल्जियमच्या डचभाषक फ्लँडर्समध्ये तर सर्रास, तळणीसाठी गाईची चरबी वापरतात. नेदरलँड्समधल्या साध्या स्नॅकबारमध्ये बहुतांशी वनस्पती तेल असते. म्हणून फ्लँडर्सला जाणाऱ्या शाकाहारी माणसाने बटाटा आहे म्हणून निर्धास्त राहू नये. ‘रुंतफेत’, म्हणजे गाईची चरबी, वापरता का, हे विचारल्याशिवाय मागवू नये. तिथल्या टपऱ्यांना फ्रीतकोट म्हणतात. बटाट्यावर घालायला मांसाचा दाट, बिअरमध्ये शिजवलेला रस्सा मिळतो आणि सॉसची यादी डच यादीपेक्षा दुप्पट लांब असते.

मासळीची गाडी

समुद्राच्या देशात मासळी रस्त्यावर विकली जाते यात नवल नाही. चौकाचौकांत पांढऱ्या-निळ्या गाड्या उभ्या असतात. हारिंग हा इथला राजा. मे-जूनमध्ये उत्तर समुद्रातला हा मासा प्लवकांवर पोसून चरबीने भरतो. चरबीचे प्रमाण किमान १६ टक्के झाले की त्याला नव्या हंगामाचा, ‘होलान्द्स निउव’, असे विकायची मुभा मिळते. जूनमध्ये हंगामातल्या पहिल्या छोट्या पिंपाचा लिलाव होतो, त्याची रक्कम धर्मादाय कामाला जाते, आणि द हेगच्या स्खेवेनिंगन बंदरात पताकांचा उत्सव भरतो. या दिवसांत आलेल्याने हारिंग चुकवू नये.

परदेशी लोक त्याला कच्चा मासा म्हणतात. ते तितकेसे खरे नाही. मासा पकडल्यावर कल्ले आणि आतडी काढतात, पण स्वादुपिंड आत ठेवतात. हलके मीठ लावून ठेवल्यावर त्या स्वादुपिंडातले विकर मांस मुरवतात. म्हणूनच ते लोण्यासारखे मऊ होते. परोपजीवी कृमी मरावेत म्हणून तो उणे २० अंश सेल्सिअसला किमान २४ तास गोठवणेही बंधनकारक आहे. गाडीवर मागितल्यावर विक्रेता समोरच सुरीने साफ करून देतो. आधीच साफ करून काचेत ठेवलेल्यापेक्षा असा घेतलेला केव्हाही सरस. शेपटी धरून, डोके मागे टाकून, वरून तोंडात सोडायची जुनी तऱ्हा आहे. आम्स्टरडॅममध्ये तुकडे करून, कांदा आणि काकडीच्या लोणच्यासह छोट्या काडीने खातात. पावात घालूनही देतात, आणि पहिल्यांदाच खाणाऱ्याला तोच मार्ग सोपा.

हारिंगचे धाडस नको असेल तर किबलिंग. कॉडचे किंवा तत्सम पांढऱ्या माशाचे तुकडे मसालेदार पिठात बुडवून तळलेले, सोबत लसणाचा किंवा औषधी पानांचा सॉस. कोकणच्या किनाऱ्यावर वाढलेल्यालाही याच्यात दोष काढणे अवघड. अख्खा तुकडा तळला की तो लेकरबेक. धुरावलेली वाम, म्हणजे पालिंग, महाग असते. समुद्रकिनारी खाताना नजर पदार्थावर कमी आणि आकाशाकडे जास्त ठेवावी. तिथले समुद्रपक्षी हातातला मासा किंवा बटाटा उचलून नेण्यात तरबेज झाले आहेत, आणि पाठीमागून येतात.

पाव, चीज आणि कॉफी

दुपारी स्थानिकांसारखे खायचे तर पावाच्या दुकानात शिरावे. चीजचा साधा ब्रोच्य सर्वत्र मिळतो. चीज मुरण्याच्या काळावरून ओळखतात: यॉंग म्हणजे कोवळे, बेलेखन म्हणजे मधले, आउट म्हणजे जुने. भारतात मिळणाऱ्या मऊ, फिक्या चीजला सरावलेल्याने जुन्यापासून सुरुवात करावी. त्याचा खारट-गोड कसदारपणा आणि मधूनच दाताखाली येणारे स्फटिक कोवळ्या चीजमध्ये नसतात. टोस्टी म्हणजे दाबून भाजलेले चीज-सँडविच, बहुधा हॅमसह. हॅमशिवाय हवे तर आधी सांगायचे. आउटस्मायटर हा भरपेट प्रकार: पावावर हॅम-चीज आणि त्यावर दोन-तीन अंडी. चीजचाच आउटस्मायटर मागता येतो आणि शाकाहारी, पण अंडे खाणाऱ्या प्रवाशाची दुपार त्यावर निघते. कॅफेत याच्यासोबत ताक मागितले की कारनमेल्क येते. ते दाट, आंबट आणि बिनमिठाचे असते, त्यात जिरे-कोथिंबीर नसते, पण तळणीनंतर पोटाला बरे वाटते.

हेमा ही देशभर पसरलेली घरगुती वस्तूंच्या दुकानांची साखळी आहे. तिच्या दुकानांत गरम रोकवॉर्स्ट, म्हणजे धुरावलेला सॉसेज, पावात घालून विकतात. टॉवेल आणि पेन्सिली घ्यायला आलेला डच माणूस तो हमखास घेऊन बाहेर पडतो. त्यात बहुधा डुकराचे मांस असते.

कॉफीबद्दल एक गोष्ट मोठ्या अक्षरांत लिहिण्यासारखी. कॉफीशॉप अशी पाटी असलेल्या दुकानात गांजा विकतात. कॉफी प्यायची असेल तर कॅफे किंवा कॉफीहाउस शोधावे. कॉफीशॉपमधला केकचा तुकडाही साधा नसतो आणि त्याचा परिणाम खाल्ल्यावर तासा-दोन तासांनी जाणवतो. मुलाबाळांसह हिंडणाऱ्या कुटुंबाने हा फरक आधीच समजून घ्यावा. कॅफेतली दुधाची कॉफी ‘कॉफी फरकेर्ट’ या नावाने मिळते, सोबत एक छोटे बिस्किट येते. आपल्यासारखा चहा मिळत नाही. उंच पेल्यात ताज्या पुदिन्याच्या काड्या घालून गरम पाणी देतात, त्यालाही चहाच म्हणतात, आणि थंडीत तो छान लागतो.

गोडाचे प्रकार

पॉफर्चेस बाजारातल्या तव्यावर बनताना पाहावेत. गव्हाच्या आणि कुट्टूच्या पिठात यीस्ट घालून सैल केलेले मिश्रण बारीक खळग्यांच्या लोखंडी तव्यात सोडतात. आप्पेपात्र पाहिलेल्याला काही समजावून सांगावे लागत नाही, फक्त खळगे लहान आणि संख्येने पुष्कळ. काट्याने भराभर उलटवण्याचे तिथल्या विक्रेत्यांचे कसब पाहण्यासारखे असते. वर लोण्याची गोळी आणि पिठीसाखर. असेच सैल पीठ मोठ्या थाळीएवढे पसरले की पानकुक होतो. तो गोडही असतो आणि खारवलेल्या डुकराच्या मांसाचाही, आणि वर काळपट साखरपाक ओतायचा असतो.

स्ट्रोपवाफल मूळचा खाउडा गावचा, ज्याचे नाव आपण चीजमुळे गौडा असे घेतो. पातळ वाफल भाजून, गरम असतानाच आडवा चिरून दोन चकत्या करतात आणि मधे दालचिनीचा साखरपाक भरतात. पाकीटबंद स्ट्रोपवाफल भारतातल्या मोठ्या दुकानांतही दिसतो, पण बाजारात समोर भाजलेल्या गरम वाफलाशी त्याची बरोबरी नाही. आम्स्टरडॅमच्या आल्बर्ट काउप बाजारात तो मिळतो. हा बाजार रविवारी बंद असतो. पाकिटातला खायचाच झाला तर कॉफीच्या पेल्यावर झाकणासारखा ठेवून मिनिटभर वाफवावा. याच शहराच्या मध्यवर्ती गल्ल्यांत चॉकलेट, मलई आणि स्ट्रॉबेरीचे डोंगर रचलेली वाफलची दुकाने ओळीने दिसतात. त्यांचा डच खाण्याशी संबंध नाही. ती पर्यटकांसाठी आहेत, महाग आहेत, आणि त्यांचा सुळसुळाट पाहून २०१७ मध्ये महापालिकेने शहराच्या मध्यभागी पर्यटकांसाठीच्या अशा नव्या दुकानांना मनाई केली. त्यांच्याऐवजी नॉर्डरमार्क्ट चौकातल्या विंकल ४३ या कॅफेतला जाडजूड सफरचंदाचा केक, वर फेटलेल्या सायीसह, खावा.

हंगामाप्रमाणे गोडधोड बदलते. ५ डिसेंबरच्या सिंटरक्लास सणासाठीची मसालेदार, कडक छोटी बिस्किटे सप्टेंबरपासूनच दुकानांत दिसू लागतात. नोव्हेंबरपासून वर्षाखेरीपर्यंत चौकात ओलीबोलनच्या टपऱ्या लागतात: मनुका घातलेले, यीस्टने फुगलेले, तेलात तळलेले गोळे, वर पिठीसाखर. ३१ डिसेंबरला तर त्यांच्याशिवाय घर नसते. २७ एप्रिलला राजाचा वाढदिवस असतो. एरवी गुलाबी असणारी टोमपूस ही मलईची पेस्ट्री त्या दिवशी नारिंगी होते.

ड्रॉप म्हणजे ज्येष्ठमधाची काळी गोळी. डच लोक ती दरडोई वर्षाला सुमारे २ किलो खातात. गोड प्रकारापासून सुरुवात करावी. दुहेरी खारट प्रकारात नवसागर भरपूर असतो आणि नवख्या माणसाची प्रतिक्रिया पाहणे हा यजमानांचा आवडता खेळ आहे. ज्येष्ठमधाने रक्तदाब वाढतो, म्हणून तो विकार असणाऱ्याने एखाद्या गोळीवर थांबावे. मऊ प्रकारांत बहुधा जिलेटिन असते, हे शाकाहारी माणसाने ध्यानात ठेवावे.

सुरिनामची रोटी

भारतीय प्रवाशासाठी नेदरलँड्समधले सर्वांत मोलाचे स्वस्त खाणे डच नाहीच. दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनाम या डच वसाहतीत १८६३ मध्ये गुलामगिरी कायद्याने संपली. मळ्यांसाठी नवे मजूर हवे होते. ५ जून १८७३ रोजी लालारुख हे जहाज कलकत्त्याहून करारबद्ध मजूर घेऊन तिथे पोचले. १९१६ पर्यंत भोजपुरी आणि अवधी मुलखातली सुमारे ३४ हजार माणसे अशी गेली. १९७५ मध्ये सुरिनाम स्वतंत्र झाला, त्या सुमारास त्यांच्या वंशजांपैकी पुष्कळ जण नेदरलँड्सला येऊन राहिले, विशेषतः द हेगमध्ये. त्यांनी सोबत आणलेली रोटी आज डच माणसाच्याही नेहमीच्या खाण्यात आहे.

रोटीच्या थाळीत मोठी मऊ रोटी, बहुधा वाटाण्याच्या डाळीची भरड भरलेली, तिच्यासोबत मसाल्यात शिजवलेली कोंबडी, बटाटा, चवळीच्या लांब शेंगांची भाजी आणि उकडलेले अंडे असते. रोटीचा तुकडा मोडून हातानेच खातात आणि त्याचे कोणाला नवल वाटत नाही. मसाला ओळखीचा लागतो आणि थोडा वेगळाही. दीडशे वर्षांत त्याने आपली वाट धरली आहे. मांसाविना थाळी मागितली की कोंबडीच्या जागी भोपळा किंवा आणखी एखादी भाजी येते. अंडे नको असेल तर वेगळे सांगावे. उडदाच्या डाळीच्या पिठात अळूच्या कुळातल्या तायर पानांचे तुकडे घालून तळलेला, मधे भोक असलेला पदार्थ म्हणजे बारा. तो तिखट चटणीबरोबर मिळतो. सुरिनामी तिखट खरोखरच तिखट असते: मादाम जानेट या पिवळ्या मिरचीचे सांबाल आधी काडीच्या टोकावर घेऊन पाहावे. याच दुकानांत पावात भरलेले पोम, म्हणजे कंदमुळाच्या किसासह भाजलेली कोंबडी, आणि खारवलेल्या माशाचा बाकलियाउही मिळतो.

द हेगमध्ये पॉल क्रूगरलान रस्ता आणि त्याच्याजवळचा मोठा खुला बाजार हे यासाठी योग्य ठिकाण. रॉटरडॅम आणि आम्स्टरडॅममध्येही अशी दुकाने विपुल आहेत. इंडोनेशियन खाण्यासाठी टोको नावाची छोटी दुकाने असतात. तिथे तयार भात, नूडल्स आणि भाज्या खोक्यात भरून देतात. शेंगदाण्याच्या सॉसमधली गाडो-गाडो भाजी आणि आंबवलेल्या सोयाबीनचे तेंपे शाकाहारी दिसतात, पण सॉसमध्ये कोळंबीचा लगदा असू शकतो, आणि कुरकुरीत क्रुपुक तर कोळंबीचाच. हे विचारूनच घ्यावे.

शाकाहारी माणसाची चौकशी

भारतात पाकिटावर हिरवी-तपकिरी खूण छापण्याची सक्ती आहे, तशी तिथे नाही. काही उत्पादनांवर पिवळ्या वर्तुळातली हिरवी व्ही खूण असते. ती असली तर शंका मिटते. बोलण्याची अडचण सहसा येत नाही, कारण दुकानदाराला इंग्रजी येते. अडते ते लेबल वाचताना, कारण ते डचमध्ये असते. मोबाइलच्या कॅमेऱ्याने भाषांतर करता येते, तरी काही शब्द कानाला ओळखीचे असावेत. रुंतफ्लेस म्हणजे गोमांस, फारकन्सफ्लेस डुकराचे, किप कोंबडी, फिस मासा, खारनालन कोळंबी, आय अंडे, स्पेक डुकराची चरबीयुक्त पट्टी. ‘इक एट खेन फ्लेस एन खेन फिस’, म्हणजे मी मांस आणि मासे खात नाही, हे एक वाक्य पाठ असले तर पुरे. चीज घट्ट करण्यासाठी वासराच्या जठरातले विकर वापरतात किंवा सूक्ष्मजीवांपासूनचे. या विकराला डचमध्ये स्ट्रेम्सल म्हणतात; काटेकोर शाकाहारी माणसाने लेबलावर ते वनस्पतिजन्य किंवा सूक्ष्मजीवी असल्याचे पाहावे.

यापेक्षा नाजूक मुद्दा तळणीचा. स्नॅकबारमध्ये कास-सुफ्ले आणि फ्रिकांडेल बहुधा एकाच तेलात उतरतात. ज्याला हे चालत नाही त्याने विचारावे, आणि मोकळे उत्तर मिळाले नाही तर बटाट्याची वेगळी तळणी असलेले दुकान गाठावे. जैन आहाराची कल्पना तिथे कोणाला नसते. कांदा-लसूण वर्ज्य असणाऱ्याने चीज, पाव, फळे आणि बाजारातल्या गोड पदार्थांवर भर द्यावा. बाकीच्यांसाठी अलीकडे मांसाविना क्रोकेट आणि बिटरबालन बहुतेक कॅफेंत मिळू लागले आहेत. युरोपीय नियमांनुसार शेंगदाणे, दूध, अंडी यांसह १४ ॲलर्जीकारक घटकांची माहिती विचारल्यास देणे दुकानदाराला भाग असते.

पैसे, पाणी, वेळ

खर्च कार्डाने करण्याची सवय इतकी रुजली आहे की काही दुकानांत रोख घेतच नाहीत. दारावर ‘फक्त पिन’, म्हणजे फक्त कार्ड, अशा अर्थाची पाटी असते. परदेशी क्रेडिट कार्ड मात्र प्रत्येक छोट्या दुकानात चालेलच असे नाही. डेबिट कार्ड आणि थोडी रोख अशी दोन्ही तयारी ठेवावी, विशेषतः बाजारातल्या गाड्यांसाठी. रोखीत बिल ५ सेंटच्या पटीत पूर्णांकित होते. बक्षिसी सक्तीची नाही. स्नॅकबारमध्ये कोणी देत नाही, कॅफेत रक्कम वर गोळा करून दिली की झाले.

नळाचे पाणी पिण्याला उत्तम असते, त्यामुळे बाटली सोबत ठेवून भरून घ्यावी. विकत घेतलेल्या छोट्या प्लास्टिकच्या बाटलीवर आणि डब्यावर १५ सेंट, मोठ्या बाटलीवर २५ सेंट अनामत आकारतात. रिकामी बाटली सुपरमार्केटमधल्या यंत्रात टाकली की पावती मिळते आणि ती गल्ल्यावर वटवता येते. स्वच्छतागृहासाठी स्थानकांवर पैसे पडतात.

बाजार दुपारी चार-पाचला आवरू लागतात, मासळीच्या गाड्याही त्याच सुमारास. स्नॅकबार आणि शावर्माची दुकाने उशिरापर्यंत, शुक्रवार-शनिवारी मध्यरात्रीनंतरही चालू असतात. रविवारी लहान गावांत, विशेषतः धार्मिक वळणाच्या भागांत, सगळेच बंद मिळू शकते. म्हणून शनिवारी संध्याकाळी आल्बर्ट हाइन किंवा युम्बो या सुपरमार्केटमधून पाव, चीज, फळे आणि कारनमेल्क घेऊन ठेवावे.